वस्ताद, हूल ओळखायला तुम्ही शिकवलंत

वस्ताद, सादर नमस्कार.

तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही. त्या ऑनलाइन खेळातल्या आपल्या गटातले, म्हणजे गिल्डमधले, सगळे वस्ताद म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते. शिवाजी पेठेतला माणूस, एवढंच तुमच्याकडून कळलं होतं. त्यामुळं हे पत्र असं उघड्यावरच लिहितेय.

चिनी युद्धकलेचा तो खेळ, 'एज ऑफ वुशू', 2013 मध्ये इंग्रजीत आला. त्यात लेव्हल हा प्रकारच नव्हता. राक्षस मारा आणि आकडा वाढवा, हा हिशेब तिथं चालायचा नाही. आठ पंथांतला एक निवडायचा, आतली ताकद हळूहळू मुरवायची, बाकी सगळं हातातल्या कसबावर. शाओलिन फक्त पुरुषांचा, एमेई फक्त बायकांचा. मी एमेई घेतला.

लढाईचं गणित सांगायला सोपं होतं. सरळ वार बचावावर अडतो, हूल बचाव फोडते आणि हूल देणाऱ्याला सरळ वार गाठतो. पण समोरचा यातलं काय करणार, हे तो करायच्या आधी कळायचं कसं? ते तुम्ही शिकवलंत. खेळातल्या चेंगडू शहराच्या वेशीबाहेर तुम्ही नुसते उभे राहायचात आणि म्हणायचात, "मार की, भिऊ नगंस." मग एकच हूल पुन्हापुन्हा द्यायचात, मला दिसेपर्यंत. "हाताकडं बघू नगंस, खांद्याकडं बघ. खांदा आधी बोलतोय." तुम्ही लाठी शिकलेला माणूस, हे तेव्हाच ओळखलं मी. संध्याकाळच्या संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी मार खाल्लात. तेवढ्या वेळात तुमची स्वतःची किती कामं झाली असती!

व्हॉइस चॅटवर माझा आवाज ऐकून कुणीतरी "पोरगी हाय रे" म्हणून हसलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "शिष्या हाय माझी." पुन्हा तसं कुणी बोललं नाही. माझ्यासाठी ते शिकवण्याइतकंच मोलाचं होतं.

आणि ती पोत्याची गोष्ट. त्या खेळात आपण बाहेर पडलो तरी आपलं पात्र त्या जगातच राबत राहायचं, आणि कुणीही ते पोत्यात घालून पळवायचा, विकायचा. बारावीच्या परीक्षेमुळं मी बरेच दिवस आलेच नव्हते. परतल्यावर गिल्डमधल्यांनी सांगितलं, की मला खांद्यावर टाकून नेणाऱ्याला तुम्ही वाटेत गाठून सोडवलं होतंत. तुम्ही मात्र त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत.

शिवजयंतीच्या मिरवणुकीतले मर्दानी खेळ मी लहानपणापासून बघत आलेय. पण पट्टा चालवणारा हूल कुठं देतो, ते तुमच्या शिकवणीनंतर दिसायला लागलं. आता गर्दीत पुढं उभी राहते आणि खांदे बघते.

नोव्हेंबर 2025 मध्ये 'व्हेअर विंड्स मीट' हा तसाच एक खेळ जगभर खुला झाला. दहाव्या शतकातला चीन, तलवार, भाला, पंखा, छत्रीसुद्धा हत्यार. धाकट्या भावाला घेऊन मी तिथं खेळते. त्याच्यापुढं उभी राहून वार झेलते, तुम्ही झेलायचात तसेच. वस्ताद, मनापासून आभार. तुम्ही त्या खेळात असाल तर आवाज द्या. आमच्या गिल्डमध्ये तुमची जागा राखून ठेवलीय, आणि पोराला तुमच्या हातची एक हूल खायचीय.

तुमची,
एमेईची शिष्या
राजारामपुरी, कोल्हापूर