तू पेला पुढे दिलास त्या रविवारबद्दल

प्रिय तायडे,

प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

अक्षर बारीक दिसेल, सांभाळून घे. ओळ सुरू करतो तेव्हा ठीक असतं, शेवटाकडे जाता जाता मुंग्या चालल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, हाही पार्किन्सनचाच भाग आहे. सकाळची गोळी घेतली की तासाभराने हात जरा ताब्यात येतो, तेवढ्यात जमेल तेवढं लिहीन. पत्राला दोन-तीन दिवस लागतील. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघंही आवाज चढवतो आणि मग आई मधे पडते.

तू रागाने गेलीस. डोक्यावर हात ठेवायला आलो तर तू बॅग उचलायला वाकलीस. आई म्हणते, घाईत होती पोरगी. घाई नव्हती, मला ठाऊक आहे.

प्रार्थनेला आलेले ते गृहस्थ जे बोलले ते मलाही लागलं. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असता तर ही थरथर केव्हाच गेली असती, आणि गोळ्या घेणं म्हणजे अविश्वासाची कबुली! तू उभी राहून म्हणालीस, "माझ्या पप्पांचा विश्वास मोजणारे तुम्ही कोण?" मी तुला गप्प बस म्हणालो. पाहुण्यासमोर पोर बोलली याचा संकोच वाटला, दुसरं काही नव्हतं. माझं चुकलं. आतून माझी छाती भरून आली होती, आणि ते त्याच वेळी सांगायला हवं होतं.

पण दार लावता लावता तू आणखी एक वाक्य बोललीस. "मला तरी कुठे विश्वास उरलाय." त्या वाक्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. त्याच्या आदल्या रविवारच्या, चर्चमधल्या पेल्याबद्दलही नाही.

आधी त्या गृहस्थांचं बोलणं. मोहरीचं वचन बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात आहे. शिष्यांना विश्वासाचा ढीग रचायला तिथे कुणी सांगितलेलं नाही. दाणा पुरतो, असं प्रभू म्हणतो. जे वचन लहानाला धीर द्यायला आलं, त्याचाच तराजू करून आजारी माणसाला तोलायचं, हे मला पटत नाही. ते इब्री लोकांस पत्राचा 11वा अध्यायही वाचून गेले. विश्वासाने सिंहांची तोंडं बंद केली, विश्वासाने मेलेली माणसं परत मिळाली. पण 35व्या ओवीच्या मधोमध ते थांबले. तिथूनच पुढे येतं की दुसऱ्या कित्येकांचे हाल झाले, कुणी तुरुंगात गेले, कुणाला करवतीने चिरलं. त्यांनाही लेखक विश्वासाच्याच माळेत ओवतो, आणि शेवटी सांगतो की या सगळ्यांना वचनाप्रमाणे फळ मिळालं नाही. ज्यांचं बरं झालं त्यांचा विश्वास मोठा आणि ज्यांचं झालं नाही त्यांचा लहान, असा हिशेब त्या अध्यायात कुठेच नाही. प्रेषित पौलाने देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, काढावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं, काटा राहिला. त्याचा तरुण सोबती तीमथ्य वरचेवर आजारी पडायचा, तर पौल त्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. विश्वास वाढव म्हणून लिहीत नाही. मी गोळी घेतो ती याच धीराने घेतो.

हात थांबला. बाकीचं उद्या.

आज जरा बरं आहे. कालचं वाचून पाहिलं, वाद घातल्यासारखं झालंय. मला त्या गृहस्थांशी भांडायचं नव्हतं, तुझ्याशी बोलायचं होतं.

तू म्हणालीस, विश्वास उरला नाही. मी त्या "उरला" शब्दावर अडकलोय. जणू विश्वास म्हणजे डब्यातली साठवण, खर्च झाली की संपली. आपल्या भाषेत विश्वास बसतो आणि विश्वास ठेवतात. बसतो तो आपल्या हातात नसतो. सकाळी बसेल, संध्याकाळी उडून जाईल. ठेवायचा मात्र आपण असतो, आणि तोही कुणावर तरी ठेवायचा असतो. शास्त्र या दुसऱ्याबद्दल जास्त बोलतं असं मला वाटतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीकमध्ये "विश्वास" हे नाम एकदाही येत नाही, "विश्वास ठेवणे" हे क्रियापद मात्र 90 हून अधिक वेळा येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो. योहान कुणाला तुझ्याजवळ विश्वास किती आहे असं विचारतच नाही. तू कुणाकडे येतोस, कुणाला धरून राहतोस, एवढंच विचारतो.

आणि खरं तर भुतंही मानतात, म्हणून काय झालं? म्हणजे, भुतंही देव एक आहे हे खरं मानतात आणि थरथर कापतात, असं याकोब लिहितो. नुसतं खरं मानणं म्हणजे विश्वास नव्हे. भरवसा टाकणं वेगळं. तू माझ्या आजाराची सगळी माहिती वाचून काढलीस, मला ठाऊक नसलेलंही तुला ठाऊक आहे. तरी त्या रविवारी तू माहिती सांगत बसली नाहीस, हात पुढे केलास.

आलोच शेवटी तिथे. येणार नव्हतो.

प्रभूची आठवण म्हणून सगळे द्राक्षाचा रस पितो त्या प्रभुभोजनाच्या वेळी पेला माझ्याकडे आला आणि हात असा हलायला लागला की रस काठावर आला. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, समोरच बघत होतीस. नुसता माझ्या मनगटाखाली तळवा धरलास. वर काही नाही, पेल्याला स्पर्शही नाही. मी प्यालो. एक थेंब सांडला नाही. मग पेला तुझ्या हातात आला, आणि तू तो न पिता शेजारच्या बाईंना दिलास.

मी कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. का दिलास ते मी विचारत नाही. मनात नसताना पिणं तुला खोटं वाटलं असेल. लहानपणापासून तू तशीच आहेस, निकाल खोटा सांगायचा नाही म्हणून दादाचा मार खाल्लास. त्या खरेपणाचा मला अभिमानच आहे. पण आई झोपल्यावर मी छताकडे बघत पडतो आणि तो पेला मला न पिता पुढे जाताना दिसतो. हा आजार हळूहळू वाढत जाणारा आहे, तायडे. एक दिवस मी नसेन. त्या दिवशी तुझ्या मनगटाखाली कोण हात धरेल? ती बाकं, ती माणसं, त्यांचं बेसूर गाणं, हे सगळं तू सोडून दिलंस तर?

बायबलातल्या निर्गम पुस्तकातली एक गोष्ट सांगतो. इस्राएलांचा पुढारी मोशे, त्यांची अमालेकांशी लढाई चालली होती. मोशेचे हात वर असले की इस्राएल जिंकायचे, खाली आले की हरायचे. म्हातारा माणूस, हात भरून आले. तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याच्या बुडाखाली धोंडा सरकवला, आणि एकाने या बाजूने, दुसऱ्याने त्या बाजूने त्याचे हात धरले. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले. त्या "स्थिर"साठी मूळ इब्रीत जो शब्द आहे तो एमुना. हबक्कूक संदेष्टा म्हणतो नीतिमान विश्वासाने जगेल, तिथेही हाच शब्द आहे, आणि प्रार्थनेच्या शेवटी आपण आमेन म्हणतो तेही त्याच धातूपासून आलेलं. माझे हात आता कसे असतात तू पाहिलंस. म्हणून ही गोष्ट मला इतकी जवळची वाटते. मोशेचे हात स्वतःच्या ताकदीने स्थिर नव्हते. तरी शास्त्र त्यांना स्थिरच म्हणतं.

मार्काच्या शुभवर्तमानातली ती चार माणसंही तशीच. छप्पर उकलून पक्षाघात झालेल्या माणसाला खाली सोडणारी. "त्यांचा विश्वास पाहून" येशूने त्याला क्षमा केली, असं लिहिलंय. खाटेवरच्या माणसाचा स्वतःचा विश्वास किती होता, याबद्दल मार्क एक अक्षर लिहीत नाही.

तिसरा दिवस. काल रात्री बराच वेळ विचार केला की पुढचं सांगावं की नाही. तुला कधी सांगितलं नाही. आईला माहीत आहे, तिच्याकडे या विषयावर जाऊ नकोस.

तुझ्या आधीचा आमचा मुलगा गेला तेव्हा मी 14 महिने प्रार्थना केली नाही. रविवारी आईला सोबत म्हणून जायचो, बाकावर बसायचो, तोंड उघडायचो नाही. डोळेही मिटायचो नाही, सगळ्यांनी मान खाली घातली की मी खिडकीकडे बघायचो. आमच्या शेजारी एक वृद्ध बाई बसत. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही, समजावलं नाही, वचन सांगितलं नाही. गीत सुरू झालं की गीतांचं पुस्तक थोडं माझ्या बाजूला सरकवायच्या आणि जी ओळ चालू असेल तिच्याखाली बोट ठेवायच्या. नख पिवळं पडलेलं, सांधा सुजलेला. ओळ बदलली की बोट खाली. मी गात नव्हतो हे त्यांना दिसत होतं. तरी बोट दर रविवारी त्या ओळीखाली. 14 महिने.

मी पुन्हा गायला कधी लागलो ते मला आठवत नाही. दिव्य प्रकाश वगैरे काही पडला नाही. बोट मात्र आठवतं. त्या काळात माझा विश्वास होता की नव्हता, हे मला आजही ठरवता येत नाही. कुणीतरी माझी ओळ धरून ठेवली होती, एवढं खरं.

म्हणून तू "उरला नाही" म्हणालीस तेव्हा मी चिडलो नाही. घाबरलो. मी ज्या बाकावर तरलो त्या बाकावरून तू उठून गेलीस.

तुझा जुना प्रश्न बाकी आहे. विश्वासाने तारण, कृतीने नाही, मग चांगलं वागून उपयोग काय? या प्रश्नावर आपल्या घरात तुझ्या काका-काकूंच्या लग्नापासून वाद चालायचे. काकू कॅथलिक, आजोबा प्रॉटेस्टंट, कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या लूथरचं नाव घेतल्याशिवाय बोलायचे नाहीत. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लूथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, की आपण कृपेनेच नीतिमान ठरतो, आपल्या कुठल्या गुणामुळे नाही, आणि ही कृपाच आपल्याला चांगल्या कामांसाठी तयार करते. काकूने ते कात्रण आजोबांना पाठवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घालून बायबलात ठेवलं आणि म्हणाले, "बरं झालं." पुन्हा तो वाद निघाला नाही. विश्वास हीच आपली कमाई असं मानलं, की त्या गृहस्थांसारखं माप घेऊन फिरावं लागतं. इफिसकरांच्या पत्रात तर तारण हे देवाचं दान म्हटलंय. दान घ्यायला हात पुढे करावा लागतो, तो थरथरणारा असला तरी चालतो. आणि घेतलेला हात रिकामा बसत नाही, तो प्रीतीने काम करतो, असं पौल गलतीकरांना लिहितो. तेव्हा तूही रोज थोडा तरी…

बघ, उपदेश सुरू झालाच. माफ कर. तू आता मोठी आहेस, तुझा मार्ग तू बघशील. मी एवढंच म्हणेन की मार्कातला तो बाप विसरू नकोस, मुलाला घेऊन आलेला. "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका," असं तो ओरडला. दोन्ही एकाच दमात. येशूने त्याला विश्वास पूर्ण करून ये म्हणून परत पाठवलं नाही. पोरगा त्याच वेळी बरा केला. तुला काही म्हणावंसं वाटलं तर तेवढं एक वाक्य म्हण. नाही वाटलं तर माझ्या वाट्याचं मी म्हणतोच आहे, तुझं नाव घालून.

रात्री जेवतेस ना वेळेवर? निळी वही तूच नेलीस असं आई म्हणते, वाचून झाली की परत पाठव. दादाशी बोल, तो मनात ठेवून बसलाय. आत्याला मी कळवलंय.

(इथून पुढे आई लिहून घेतेय, माझा हात आज एवढाच.)

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा प्रभुभोजन आहे. येशील का, असं मी विचारत नाही. पेला तू घे किंवा पुढे दे, मी काही म्हणणार नाही. माझ्या मनगटाखाली मात्र कुणाचा तरी हात लागेल.

तुझे,
पप्पा