मन्या, त्या गोळीबद्दल

मन्या,

काल फोनवर तू विचारलंस की बाबा सुरू करू का डिप्रेशनची गोळी, आणि मी "बघू" म्हणून ठेवून दिला. रात्रभर ते बघू टोचत होतं. फोनवर बोलताना आई शेजारी असते म्हणून लिहितोय.

मी पण घेतलीये. 2011 साली, तू चौथीत होतास. एस्सिटालोप्राम, 10 ची. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये बी-कॉम्प्लेक्सच्या डबीत ठेवायचो. पहिले दहा दिवस नुसती मळमळ आणि झोपेची वाट, वाटलं कुठून या भानगडीत पडलो. मग तीनेक आठवड्यांनी झेड ब्रिजवर मागच्याने उगाच हॉर्न मारला आणि मला राग आला. चक्क राग! कित्येक महिन्यांत मला कसलाच राग आला नव्हता रे, तेव्हा कळलं की काहीतरी हलतंय.

आता तोटे. बापाने लिहायची गोष्ट नाही पण 'ती' इच्छा कमी होते, बऱ्याच जणांची होते, माझी झाली आणि लाजेपोटी मी डॉक्टरांना सांगितलंच नाही. तू सांग, डोस बदलतात, गोळी बदलतात. आणि माझा खरा गाढवपणा म्हणजे बरं वाटल्यावर मनानेच बंद केली, दोन दिवसांत चक्कर, मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं. दारूसारखी तल्लफ येत नाही हिची, पण शरीर सरावतं, म्हणून हळूहळू कमी करायची असते. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायला सांगतात, मी ठेवली नाही, आणि वर्षाच्या आत परत सगळं पहिल्यापासून.

गोळीने जादू होते असं नाही. 2018 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डिप्रेशनवरच्या 21 औषधांच्या 522 ट्रायल एकत्र करून बघितल्या होत्या, सगळीच औषधं खोट्या गोळीपेक्षा (जिच्यात औषधच नसतं) सरस निघाली पण फरक सरासरीत माफकच. सौम्य असेल तर आधी काउन्सेलिंगच करून बघतात. पण तू दोन महिने नीट जेवत नाहीयेस, ऑफिस बुडतंय, आंघोळीला उठवत नाही म्हणालास, हे मला सौम्य वाटत नाही. माझं मत विचारशील तर घे, आणि काउन्सेलिंगही कर.

फक्त एक अट. तू 23 चा आहेस. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2004 मध्ये या गोळ्यांबद्दल लहान मुलांसाठी इशारा दिला, 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंत वाढवला, की सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. सगळ्यांना होत नाही, आणि काहीच उपचार केले नाहीत तर धोका आहेच. पण पहिला महिना-दीड महिना वाकडच्या फ्लॅटवर एकटा राहू नकोस, कोथरूडला ये, चांदणी चौकातलं ट्रॅफिक सोस थोडं. तसला विचार आला तर रात्री तीनला उठव मला. माझ्याशी नाही बोलवलं तर 14416 लाव, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

डॉक्टरांना विचार थायरॉइड, बी-12 करायचं का. आणि काकाचं नक्की सांग, तो मध्येच चार-चार रात्री न झोपता धंद्याचे प्लॅन करत बसायचा ते. आपण घरात हसण्यावारी नेलं, पण तसलं रक्तात असेल तर ही गोळी एकटी दिली की माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो. पाय दुखतो म्हणून मनाने ब्रुफेन पण खाऊ नकोस, दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते.

गुरुवारी किती वाजताची अपॉइंटमेंट आहे ते कळव, मी बाहेर बसेन, आत बोलावलंस तर येईन.

आईला 2011 चं अजून माहीत नाही. आज जेवण झालं की सांगतो तिला.

बाबा