पंपावर हवा भरणाऱ्या काकांना, सा. न. वि. वि.

काका, तुमचा फोन साधा बटणांचा, त्यामुळे हे तुमच्या सुनेला पाठवतेय, ती वाचून दाखवेल. उघडपणे लिहायचं कारण एवढंच की ज्याला ज्याला ही गोष्ट सांगितली त्याने लगेच आपल्या नाहीतर आपल्या मेव्हण्याच्या गाडीचं तसलंच काहीतरी काढलं, म्हणजे हे दुखणं बऱ्याच जणांचं आहे आणि बरेच जण नको तिथे पैसे घालवतायत.

वाचणाऱ्यांसाठी आधी दुखणं सांगते. आमच्या जुन्या हॅचबॅकच्या टाकीत पेट्रोल भरायचं म्हणजे शिक्षा झाली होती. नोझल आत घातलं, दांडा दाबला, लिटरभर पडतंय न पडतंय तोच टक्क करून बंद. परत दाबा, परत टक्क. टाकी 35 लिटरची, काटा अगदी खाली आलेला, तरी गाडी घोट घोट घेणार आणि मधेच तोंडातून पेट्रोलची उलटी, पंपावरच्या पोराच्या हातावर आणि आमच्या रंगावर. आणि मागे रांग. आपल्या गोव्यातल्या डिचोलीकडची रांग काय असते ते तुम्हाला सांगायला नको, अर्ध्या गाड्या हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गाहून आलेल्या. 2012 साली मुख्यमंत्री पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट 0.1 टक्क्यावर आणला तेव्हापासून पलीकडच्या लोकांना इकडे येऊन टाकी फुल करायची सवय लागली, पुढे व्हॅट वाढला तरी महाराष्ट्रापेक्षा आपलं पेट्रोल स्वस्तच राहिलं, त्यामुळे सवय काही गेली नाही. त्यांचं काही चुकत नाही म्हणा, पण दर टक्कला मागून एक हॉर्न यायचा.

शेवटी शेवटी पंपावरची पोरं मला बघूनच तोंड फिरवायला लागली. एकजण तर स्पष्ट म्हणाला की मॅडम तुम्ही रात्री येत जावा.

सल्ल्यांना तोटा नव्हता. एका गॅरेजवाल्याने टाकीच बदलायला सांगितली, आतून गंजली असणार म्हणे, बघितली कोणी नव्हती. दुसऱ्याने सगळं बिल इथेनॉलवर फाडलं, हल्ली गाडीचं काहीही बिघडलं की ई-ट्वेंटीचं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं नाव घेतात. जुन्या गाड्यांच्या रबराला जास्त इथेनॉल मानवत नाही हे खरं असेलही, पण इथेनॉलने नोझल कसं काय बंद पडेल हे त्याला विचारलं तर म्हणाला, आजकाल सगळंच खराब येतं मॅडम. झालं. आमच्या घरात तर निर्णय झाला होता की चवथीला गावी जाऊन आलो की गाडी काढून टाकायची.

आणि तुम्ही तिकडे हवेच्या मशीनकडे स्टुलावर बसून हे सगळं बघत होता. मला वाटायचं तुम्ही फक्त टायरमध्ये हवा मारता. त्या दिवशी तुम्ही उठून आलात, रांगेतल्या लोकांना हातानेच थांबा म्हणालात, आणि पोराच्या हातातून नोझल घेऊन आधी मागच्या गाडीत घातलंत. तिच्यात एका दमात भरलं. मग परत माझ्या गाडीत. टक्क. तुम्ही म्हणालात, पंपाचा पाईप बरा आहे. एवढंच. मला तेव्हा कळलंच नाही की एका मिनिटात तुम्ही अर्धा प्रश्न बाजूला काढलात, तो बाकी कोणी काढला नव्हता.

नंतर नोझलचं तोंड वळवून छिद्र वरच्या बाजूला केलंत, थोडं बाहेर ओढून धरलंत आणि अगदी हलक्या हाताने सोडलंत. आणि पेट्रोल गेलं! हळू, पण न थांबता. मी म्हटलं, चला, सापडला उपाय, असंच भरत जाऊ. तेव्हा तुम्ही ते वाक्य बोललात जे मी आता सगळ्यांना ऐकवत फिरते: "बाय, पेट्रोल भितर वचना अशें न्हय. वारो भायर सरना."

ज्यांना कोकणी येत नाही त्यांनी समजून घ्या, पेट्रोल आत जात नाही असं नाही, हवा बाहेर पडत नाही, सगळा उलगडा ह्यात आहे. टाकी रिकामी म्हणजे रिकामी नसते, हवेने आणि पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते. पंपातून मिनिटाला तीस-चाळीस लिटर पेट्रोल येतं तर तेवढीच हवा त्याच मिनिटात बाहेर पडायला पाहिजे. ती पडायला वेगळी बारीक नळी असते, ब्रीदर म्हणतात तिला, टाकीच्या माथ्यावरून निघून पेट्रोल भरायच्या जाड पाईपाच्या शेजारून वर तोंडापाशी येते. ती तुंबली की हवा अडकते, आणि मग जाड पाईपातूनच वर यायला बघते, जिथून पेट्रोल खाली येतंय. दोघं एकमेकांच्या आडवे. तुम्ही उदाहरण दिलंत ते आमच्या आईला लगेच पटलं, की बाटलीच्या तोंडात नरसाळं घट्ट बसवून खोबरेल ओतलं तर ते वरच तुंबून राहतं आणि नरसाळं जरा उचललं की सरकन खाली जातं.

आणि तो टक्क आवाज! मी इतकी वर्षं समजत होते की नोझलमध्ये काहीतरी सेन्सर असतो, इलेक्ट्रॉनिक. तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी नसताना नोझल हातात घेऊन दाखवलंत, टोकाशी ते बारीकसं छिद्र, त्यातून आत एक पातळ नळी. पेट्रोल जोरात वाहत असतं तेव्हा त्या ओढीने ह्या छिद्रातून हवा आत खेचली जाते. टाकी भरत वर आली की पेट्रोल छिद्र झाकतं, हवा मिळेनाशी होते, आतला पडदा ओढला जातो आणि खटका सुटतो. वीज नाही, वायर नाही. आमच्या गाडीत पाईप वरपर्यंत तुंबायचा, पेट्रोल नाहीतर त्याचा फेस छिद्रावर यायचा आणि नोझल समजायचं टाकी फुल झाली. बिचारं आपलं काम बरोबर करत होतं आणि सगळे त्यालाच शिव्या देत होते, मीसुद्धा.

मला खरं तर आभार मानायचे आहेत ते तुम्ही विचारलेल्या प्रश्नांचे. पहिला प्रश्न, टाकीचं झाकण उघडताना फुस्स होतं का? नाही होत. म्हणजे टाकीतली वाफ धरणाऱ्या डब्याची, कॅनिस्टरची बाजू श्वास घेतेय, तिकडे जायला नको. दुसरा, टक्क कधी होतं, टाकी भरत आल्यावर की रिकामी असतानाही? रिकामी असतानाही. तिसरा, उलटी होते का? होते. आणि मग तुम्ही जरा थांबून विचारलंत, "टाकी केन्नाय सकयल देंवयल्ली?"

कधी टाकी खाली उतरवली होती का! काका, हे मला कोणीच विचारलं नव्हतं, कुठल्याच गॅरेजमध्ये नाही. उतरवली होती तर. पावसाळ्याच्या आधी पेट्रोल पंप गेला होता, म्हणजे गाडीतला, टाकीच्या आत असतो तो. काही गाड्यांना मागच्या सीटखाली झाकण असतं, तिथूनच पंप काढता येतो, आमच्या गाडीला नाही, टाकीच खाली घ्यावी लागते. आणि भरायचा त्रास सुरू झाला तो त्याच्या नंतरच, पण मधे पंधरा कामं, मुलांची शाळा सुरू झाली, पाऊस लागला, दोन्ही गोष्टी एकमेकांना जोडायचं कोणाच्या डोक्यात येणार. तुमच्या आलं, कारण तुम्ही गाडीकडे बघायच्या आधी गाडीचं काय काय झालंय ते विचारता. आमच्या जुन्या डॉक्टरांची पण हीच पद्धत होती, आता तसे डॉक्टर पण राहिले नाहीत आणि मेस्त्री पण.

रविवारी तुमच्या अंगणात गाडी आणली ते तर मुद्दाम सगळं लिहिते कारण लोक घरच्या घरी हे करायला जातील आणि भलतंच होईल. टाकीत पेट्रोल अगदी थोडं असतानाच आणायला सांगितलंत. पंपाच्या आवारात हात लावायचा नाही म्हणालात, उघड्यावरच करायचं, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत जाते आणि लांबची ठिणगीसुद्धा तिला पुरते. न्हाणीची चूल पेटलेली होती ती काकींना विझवायला लावलीत (काकींचं तोंड मी बघितलं, गरम पाण्याचा खोळंबा माझ्यामुळे झाला, त्यांना सॉरी सांगा). बॅटरीची निगेटिव्ह काढलीत. जॅक लावून मागचं चाक काढलंत आणि तेच चाक गाडीखाली आडवं सरकवलंत, जॅकवर एकट्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून.

चाकाच्या आतलं प्लास्टिक काढलं तर समोरच दिसलं. जाड पाईप ठीक, आणि शेजारची बारीक नळी टाकी आणि बॉडीच्या मधे चेपून दुमडलेली, टाकी परत वर चढवताना मधे अडकली असणार. पार बंद नव्हती, म्हणून तर हळू भरलं की भरायचं, फुल स्पीडला मात्र हवा निघायला जागाच नव्हती. तुम्ही ती काढून माझ्या हातात दिलीत, दुमडलेल्या जागी रबराला चीर पडायच्या बेतात होती. अजून सहा महिने तशीच राहिली असती तर गाडीखाली पेट्रोलचा वास सुरू झाला असता.

नवीन नळी आणायला म्हापशाला पाठवलंत तेव्हाची सूचना पण लिहून ठेवते, पेट्रोलचीच नळी मागायची, पाण्याची किंवा साधी रबरी नको, ती पेट्रोलने फुगते, मऊ पडते. दुकानदार "चालते मॅडम, सगळे नेतात" म्हणालाच. मी नाही म्हटलं, पहिल्यांदाच कुठल्या तरी ऑटो पार्ट्सच्या दुकानात मला काय हवंय ते मला नक्की माहीत होतं! नळी, दोन क्लिप आणि तुमची मजुरी, सगळं मिळून त्या टाकी बदलायच्या कोटेशनच्या पासंगालाही पुरत नव्हतं. मजुरी तुम्ही सांगितलीत तेवढी मी दिली, ते तुमचं काम आणि त्याचा हिशेब पुरा झाला. चार प्रश्न विचारले त्याचं बिल तुम्ही लावलं नाहीत, म्हणून हे पत्र.

त्यानंतर पंपावर गेले तेव्हा तुम्ही स्टुलावरून उठला नाहीत, नुसतं बघत होता. पोराने भीत भीत दांडा दाबला, पूर्ण. एका दमात गेलं आणि टक्क झालं ते थेट फुल झाल्यावरच. पोरगा म्हणतो, राऊंड फिगर करू? आणि तुम्ही तिकडून ओरडलात, "नाका!" म्हणजे नको. सगळा पंप वळून बघायला लागला.

ते का ते पण इथे सांगून टाकते, कारण ही खोड आपल्या सगळ्यांना आहे. पेट्रोल गाड्यांना एक डबा असतो, चारकोल कॅनिस्टर, आत कोळसा. उन्हात उभ्या गाडीत जी वाफ होते ती हा कोळसा धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं की ती ओढून जाळली जाते. पहिल्या टक्कनंतर राऊंड फिगरच्या नादात ठासून भरलं की पातळ पेट्रोल त्या डब्यापर्यंत पोचू शकतं, कोळसा भिजतो आणि मग त्या वाटेने हवा जाईना होते. शेवटी काय, पन्नास रुपयांचा आकडा सरळ दिसावा म्हणून हजारोंचा डबा घालवायचा. माझे बाबा अजून ऐकत नाहीत, त्यांना बिलावर शून्यं लागतात.

बरं, आता एक काम आहे. आमच्या शेजारच्या भाभींच्या गाडीचं पण भरताना टक्क टक्क सुरू झालंय, पण त्यांचं वेगळं आहे, मी तुमचेच प्रश्न विचारून बघितले. त्यांची टाकी कधीच उतरवलेली नाही. आणि झाकण उघडलं की मोठ्याने फुस्स होतं, मी स्वतः ऐकलं. गाडी सगळा पावसाळा कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या कडेला उभी होती, आणि मागच्या बाजूला बघितलं तर बंपरच्या आत कुंभारीण माशीने मातीची घरटी केलीयत, एक नाही, रांगच आहे. कॅनिस्टरची बाहेरची नळी तिकडेच कुठेतरी उघडते ना? तिच्यात पण माती भरली असेल असा माझा अंदाज आहे. भाभी तार घालून खोचणार होत्या, मी थांबवलं, म्हटलं काकांना आधी दाखवू. आणि तुमच्या मशीनने जोरात हवा मारली तर आत काही फुटेल का तेही तुम्हीच सांगा.

रविवारी सकाळी त्यांना पाठवते, टाकी रिकामी ठेवायला सांगितलंय. घरी आहात ना? काकींना म्हणावं आंघोळी आधी उरकून घ्या.

तुमची,
पांढऱ्या गाडीवाली