दहा आणे, सहा आणे

चि. मनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

“उटण्याच्या नव्या पुडक्यावर टाकायला दुकानाचा एखादा जुना फोटो पाठवा आणि साल कळवा,” असा तुझा निरोप आला त्याला चार महिने झाले. तू विचारतोस आणि मी “बघतो” म्हणतो. आज गल्ला मोजून झाल्यावर दिवा तसाच ठेवून लिहायला बसलोय. फोनवर सांगायला लागलो की तू मधेच “बरं, मग कधी पाठवताय?” म्हणतोस, आणि माझं सांगायचं राहतं.

तर पहिलं म्हणजे, आपल्याकडे दुकानाचा जुना फोटो नाही. गादीच्या मागे पणजोबांचा आहे, तो स्टुडिओतला. पगडी, उपरणं, शेजारी तीन पायांचं टेबल आणि मागच्या पडद्यावर रंगवलेलं कारंजं. लहानपणी माझी समजूत होती की आपलं दुकान पूर्वी एवढं मोठं होतं की आत कारंजं उडायचं. दुकानाचा फोटो काढायचं त्या काळी कुणाच्या डोक्यातच येत नसे. फोटो काढायचा तो मुंजीत, लग्नात. दुकान काय, रोजचंच.

जे काही होतं ते आजीच्या ट्रंकेत होतं. आपण तेव्हा ओंकारेश्वराजवळ वाड्यात भाड्याने राहायचो. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासल्याचं, आणि नदी पेठांत शिरली. आप्पा आणि आजी अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. पाणी ओसरल्यावर ट्रंक सापडली, पण आतले फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. आजीने ती वीट बरीच वर्षं फडक्यात बांधून ठेवली होती. मी एकदा तिचा कोपरा नखाने उचलायला गेलो, तर कुणाच्या तरी नऊवारीचा काठ वर आला आणि बाकी सगळा चिखल. दुकान मात्र सोन्या मारुती चौकाच्या बाजूला, तिथे पाण्याचा थेंब आला नाही. म्हणजे चोपड्या वाचल्या आणि माणसं गेली. फोटोतली म्हणतोय.

मग मी नातेवाइकांकडे सुरुवात केली. एका आत्याकडे तीन वेळा गेलो. दर वेळी चहा, पोहे आणि “अरे, माळ्यावर आहेत, मुलाला सांगते काढायला.” शेवटी मीच चढलो. मुंजीचे अकरा फोटो निघाले, एकातही दुकान नाही. ज्या स्टुडिओचा शिक्का आपल्या फोटोंच्या मागे असायचा तो केव्हाच बंद झालाय. मालकाचा नातू म्हणाला, आजोबांच्या काचेच्या निगेटिव्ह वडिलांनी गरम पाण्यात धुऊन काढल्या आणि त्या काचा देवांच्या तसबिरींना वापरल्या. मला राग यायला हवा होता, पण आपणही जुन्या चोपड्यांच्या कोऱ्या पानांत हिंग बांधलाय, तेव्हा गप्प बसलो.

त्यानंतर माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. आपण आपल्या कपाटात कशाला शोधतोय? आपला माणूस दिवसभर काउंटरच्या आत. त्याचा फोटो निघालाच तर दुसऱ्या कुणाचा फोटो काढताना मागे निघणार. आणि आपल्या दुकानासमोरून दरवर्षी जातं काय? गणपती! आपल्या भागातली मंडळं बेलबाग चौकात मुख्य मिरवणुकीला मिळतात ती आपल्याच दारावरून. मग मंडळाच्या खोलीत गेलो. कार्यकर्त्यांनी लाउडस्पीकरच्या कर्ण्यांखालून दोन अल्बम काढून दिले. काळी पानं, मधे बटर पेपर, फोटोंच्या कोपऱ्यांना त्रिकोण.

दुसऱ्या अल्बममध्ये सापडला. बैलगाडीवर गणपती, पुढे गॅसबत्ती धरलेला मुलगा, एका बैलाचं तोंड कॅमेऱ्याकडे. आणि बैलाच्या शिंगांमागे आपलं दुकान! अर्धंच. फळ्या काढून भिंतीला लावून ठेवलेल्या, त्यांच्यावर चुन्याने घातलेले आकडे. तू त्यातल्या ७ आणि ८ नंबरच्या फळ्यांवर क्रिकेटचा स्टंप काढला होतास, त्याच. पायरीवर तोंड दुमडलेली दोन पोती, आणि बाजूला टांगलेली भावाची पाटी. केशर तपासायचं भिंग लावून पाटी वाचली. शिकेकाई, पावशेर, आणि पुढे आणे. म्हणजे फोटो १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण त्या दिवसापासून नवे पैसे आले. निदान त्यानंतर फार उशिराचा नाही. आप्पा सांगायचे, गिऱ्हाइकं पुढे कितीतरी दिवस आण्यातच भाव विचारायची, आणि शेर जाऊन किलो आला तेव्हा तर एक म्हातारी “तुमचा किलो तुम्हीच खा” म्हणून निघून गेली होती.

वर दुकानाची पाटी. तिचाही डावा अर्धाच भाग फोटोत आलाय. आणि मनू, त्यावर आपलं आडनाव नाही. दुसरंच आहे, आणि त्याच्यापुढे “आणि” एवढं दिसतंय. बाकीचं बैलाच्या शिंगाआड.

मी तो अल्बम तसाच मिटून घरी आलो. आईला दोन दिवस सांगितलं नाही. आप्पांनी आयुष्यभर सांगितलं ते हेच, की तुझ्या पणजोबांनी एकट्याच्या हिमतीवर दुकान काढलं. मला आधी वाईट शंका आली. दुसऱ्याचं दुकान आपण लाटलं की काय?

पोटमाळ्यावरच्या चोपड्या खाली काढल्या. वेखंडाच्या पोत्याशेजारी राहिल्यामुळे एकीलाही कसर लागलेली नाही, हे आपल्या मालाचं कौतुक. पण आतलं सगळं मोडीत. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकलेली एक मुलगी आपल्याकडे तिच्या आजीसाठी हिरडा न्यायला येते, तिला विचारलं. ती आली, गादीवर मांडी घालून बसली आणि मी जन्मभर उशाला घेऊन झोपलो ते तिने एका दुपारी वाचलं. सर्वांत जुनी चोपडी शके १८३६ ची, म्हणजे १९१४ ची दिवाळी. वर श्री, खाली शुभ लाभ, आणि त्याखाली भागीदारी. त्या पाटीवरच्या आडनाववाल्यांचे आणे दहा, आपले सहा.

रुपयातले सहाच आणे आपले. दुकान त्यांचं, आपण धाकटे भागीदार. पुढे काही वर्षांनी एका पाडव्याला त्यांचं सगळं येणं दिल्याची नोंद आहे, “हिशेब चुकता”, खाली दोघांच्या सह्या. तिथून पुढे सोळा आणे आपले. ती ओळ तिने वाचून दाखवली तेव्हा मी उठून पाणी प्यायलो. पाटीवरचं नाव मात्र आपण नंतरही ठेवलं होतं, निदान त्या मिरवणुकीपर्यंत. गिऱ्हाईक नाव बघून येतं, हे तेव्हाही कळत होतं तर.

आता सालाचं. सध्याच्या पाटीवर १९०५ आहे. आप्पांनी ते पेंटरला सांगितलं तेव्हा मी शिडी धरून उभा होतो. पेंटरने विचारलं, आप्पांनी क्षणभर आढ्याकडे पाहिलं आणि आकडा सांगितला. तुझे पणजोबा १८९५ चे. म्हणजे १९०५ मध्ये दहा वर्षांचे. मुंज झाली असेल फार तर. तेव्हा १९०५ हे खरं असलंच तर ते त्यांचं साल, आपलं नाही.

त्यांच्या घरच्यांचा पत्ता लागायला आणखी दीड महिना गेला. रविवार पेठेतल्या एका जुन्या कागदवाल्याला आडनाव सांगितल्यावर तो म्हणाला, त्यांची नात कोथरूडला असते. गेलो. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई, दारातच म्हणाल्या, “सहा आणेवाल्यांचा नातू का तू?” त्यांच्या घरात आपलं नाव एवढंच. आपण त्यांचं नाव पार विसरलो आणि ते आपल्याला सहा आणेवाले म्हणत राहिले.

शिवणाच्या मशीनवरच्या भिंतीवर फोटो होता. दुकानाचा, समोरून, अख्खा. गादीवर त्यांचे आजोबा लोडाला टेकून. मागे बरण्यांच्या तीन रांगा. आणि पायरीवर हातात तागडी घेऊन अनवाणी उभा एक पोरगा, पटका जरा तिरका, मिशी नुकती फुटलेली. ते पणजोबा. नाकावरून ओळखू येतात, तुझंच नाक. तागडी नुसती फोटोपुरती धरलेली नाही. एका पारड्यात काहीतरी आहे आणि त्यांची नजर कॅमेऱ्याकडे नाही, काट्याकडे आहे. आपल्या भिंतीवरच्या पगडीवाल्या शेटजींपेक्षा हा मला जास्त आवडला.

तुझ्या सोयीसाठी सांगतो, पुठ्ठ्यामागे स्टुडिओचा शिक्का आहे, तारीख नाही. फोटो काचेला चिकटलाय. फ्रेम उघडायची नाही, ओढला तर पणजोबा काचेवर राहतील आणि कागद हातात येईल. काचेसकट, कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड धरून, खिडकीच्या तिरप्या उजेडात कॅमेऱ्याने घ्यायचा. हे मला त्या स्टुडिओवाल्याच्या नातवानेच सांगितलं. आणि तुझ्या चुलतभावाने मिरवणुकीचा फोटो फोनवर रंगवून पाठवलाय, तो पुसून टाक. त्यात पोत्यांच्या उशा झाल्यात आणि पाटीच्या राहिलेल्या अर्ध्या भागावर कुठल्याच लिपीतली नसलेली अक्षरं आलीत.

फोटो छापायला बाईंची हरकत नाही. अट एकच, त्यांच्या आजोबांचं नाव खाली हवं, आणि आधी. मी “मुलाला विचारून सांगतो” म्हटलं, कारण पुडकं तुझं आहे, खर्च तुझा आहे. मला विचारशील तर १९०५ काढून टाक. १९१४ लिहायचं असेल तर ते चोपडीत आहे, कुणीही येऊन बघावं. तुला शंभर वर्षांहून थोडं जुनं हवंय, तर तेवढं त्यात भरतंय.

दसऱ्याला येतोयस तेव्हा कोथरूडला जाऊन ये. त्या दुपारी दोन ते चार झोपतात, त्या वेळी बेल वाजवू नकोस. अर्धा किलो शिकेकाई घेऊन जा, मी बांधून ठेवतो. पैसे देतील, ते घे. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, “हिशेब चुकता झालाय ना?”

आईचे आशीर्वाद. तिचा हात दुखतोय म्हणून ती वेगळं लिहीत नाही.

तुझा,
बाबा