खरवस नंतर, आधी वासराचा चीक

महोदय,

येऊरच्या पायथ्याशी, नवी मुंबईच्या गावठाणांत किंवा मुरबाड-शहापूरकडे दारात एखादी गाय बांधणाऱ्या घरी गाय व्यायली, की शेजारपाजारून ‘आमच्यासाठी थोडा चीक ठेवा हं’ असा निरोप आलाच म्हणून समजा. निरोप पाठवणाऱ्यांचा दोष नाही, खरवस कुणाला आवडत नाही! पण पहिल्या दिवसाचा चीक वासराचा. तो वेळेवर पोटात गेला नाही, तर पुढे औषधांवर कितीही खर्च केला तरी ती भर निघत नाही.

पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. गाईच्या वारेची, म्हणजे गर्भाला जोडलेल्या आणि व्यायल्यावर बाहेर पडणाऱ्या आवरणाची, रचनाच तशी असते. ती मिळते फक्त चिकातून. वासराचे आतडे चिकातली प्रतिकारद्रव्ये जशीच्या तशी रक्तात घेऊ शकते, पण ही क्षमता तासातासाने उतरते आणि २४ तासांत जवळपास संपते. महिन्याच्या आत हगवणीने किंवा न्यूमोनियाने वासरे दगावतात, त्यांतल्या अनेकांचे दुखणे या पहिल्या दिवसातच सुरू झालेले असते.

तरीही ‘वार पडल्याशिवाय वासरू पाजायचे नाही’ हा समज जात नाही. वार पडायला ४ ते ८, कधी १२ तासही लागतात. म्हणजे रात्री दहाला जन्मलेले वासरू उजाडेपर्यंत उपाशी. वास्तविक वासरू सडाला लागले की पान्हा सोडणारे जे ऑक्सिटोसिन गाईच्या अंगात तयार होते, तेच गर्भाशयालाही आकसायला लावते. पाजल्याने वार सुटायला मदतच होते. १२ तास उलटूनही पडली नाही तर डॉक्टरांना बोलवावे. लोंबणाऱ्या वारेला दगड किंवा चप्पल बांधणे, हाताने ओढणे हे प्रकार बंद व्हायला हवेत; वार अर्धवट तुटून आत सडते आणि गाय पुढे गाभण राहत नाही.

वासरू पडताच नाकातोंडातला चिकटा पुसावा आणि ते गाईपुढे चाटायला ठेवावे. गाय चाटत नसेल तर त्याच्या अंगावर मूठभर कोंडा भुरभुरावा. नाळ पोटापासून दोन-तीन इंचांवर उकळलेल्या दोऱ्याने बांधून, गाठीखाली निर्जंतुक ब्लेडने कापून टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावे. आपल्या दमट हवेत ओल्या गोठ्यातली नाळ पिकायला वेळ लागत नाही, म्हणून पुढचे तीन दिवसही आयोडीन लावावे.

मग कास धुऊन पुसावी, प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्याव्यात आणि वासरू लावावे. प्रमाण वजनाच्या किमान एकदशांश: २५ किलोच्या वासराला पहिल्या दिवशी अडीच लिटर, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. गोऱ्हा (नर वासरू) झाला म्हणून हात आखडू नये. वासरू उठत नसेल तर चीक काढून बाटलीने पाजावा, पण ते छातीवर बसलेले हवे आणि मान फार वर उचलू नये, नाहीतर चीक फुप्फुसात जातो. गार झालेला चीक विस्तवावर ठेवू नये. ज्या प्रथिनांमुळे खरवस थिजतो त्यांतच ही प्रतिकारद्रव्ये असतात. आच लागली की ती वाया जातात. भांडे कोमट पाण्यात ठेवले की पुरते.

मागणीपायी पहिल्याच दिवशी कास पूर्ण पिळून घेण्यात गाईलाही धोका आहे. चिकातून कॅल्शियम भरपूर जाते. त्यात आपल्याकडे वैरण मुख्यतः भाताच्या पेंढ्याची, त्यातल्या ऑक्झलेटमुळे चाऱ्यातले कॅल्शियमही अंगी कमीच लागते. भरपूर दुधाची, तिसऱ्या वेतापुढची (तिसऱ्यांदा किंवा त्यापुढे व्यायलेली) गाय व्यायल्यावर तीन दिवसांच्या आत लटपटून बसली, कान गार पडले, मान वळवून कुशीवर टाकली, तर तो दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग थंड असते, त्यामुळे घरचे लोक फसतात. अशा वेळी तोंडाने काढा-गूळपाणी काही ओतू नये. गिळण्याची ताकद नसते, ठसका लागून गाय जाते. तिला छातीवर बसती ठेवून पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या क्रमांकावर फोन करावा. शिरेतून सावकाश कॅल्शियम दिले की बहुतेक गाई काही तासांत उभ्या राहतात.

पहिले दोन-तीन दिवस वासराला पुरेल तेवढे आणि कास तडतडू नये इतपतच काढावे. त्यातूनही चीक उरला तर एखादी बाटली फ्रीजरमध्ये ठेवावी, पुढे एखाद्या वासराची आई गेली किंवा तिची कास सुजली तर उपयोगी पडते. खरवसाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा चीक घ्यावा. तो थोडा पातळ असतो, वडी सैल पडते, इतकेच.

— एक पशुपालक, ठाणे