सूचना: रविवारची पालक बैठक आणि आजीचा व्हिडिओ कॉल

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी साडेदहाला मराठी शाळेच्या नेहमीच्या वर्गात पालकांची बैठक आहे. विषय: लहान मुलांची भाषा आणि टीव्ही-मोबाइलचा पडदा.

सुरुवात बाळांच्या भाषेवर संशोधन करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांच्या सिएटलमधल्या २००३ सालच्या प्रयोगाने करू. घरी इंग्रजीच ऐकणाऱ्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसं १२ वेळा, दर वेळी साधारण २५ मिनिटं खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. त्या भाषेतले उच्चार बाळांना वेगळे ओळखता येऊ लागले. तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, तर बाळांच्या पदरात काहीच पडलं नाही.

मग आजीच्या कॉलचं काय? २०१४ साली रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ या संशोधकांनी दोन ते अडीच वर्षांच्या मुलांबरोबर हे तपासलं. पलीकडचं माणूस त्या क्षणी प्रतिसाद देत असेल, तर कॉलवरही मुलं नवी क्रियापदं शिकली. आधी चित्रित केलेल्या व्हिडिओवरून नाही. दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा केवढा दिलासा आहे!

माझी लेक कणकेचा गोळा कॅमेऱ्यासमोर धरते. आजी विचारते, "लाटतेस की थापतेस गं?" 'थापणं' हा शब्द तिला तिथेच मिळाला, माझ्याकडून नव्हे.

म्हणून बैठकीत आजी-आजोबांना कॉलवर नक्की घ्या. भारतात तेव्हा किती वाजलेले असतील ते पाहून त्यांना आधीच सांगून ठेवा. मुलांच्या हातात द्यायला घरातली एखादी वस्तू आणा: पळी, रवी, काहीही. कोण येणार ते शुक्रवारपर्यंत इथेच कळवा, म्हणजे खुर्च्या मांडता येतील.