एआरटीची गोळी आणि उडालेली झोप

एआरटी (एचआयव्ही आटोक्यात ठेवणारे औषधोपचार) केंद्रात एचआयव्हीबाधितांचे वजन पाहतात, व्हायरल लोड म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासतात; झोप लागते का, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. पूर्वीच्या इफाव्हिरेंझ या एचआयव्हीवरील औषधाने चक्कर येई, भलतीसलती स्वप्ने पडत, म्हणून ती गोळी झोपतानाच घ्यायची. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डोल्युटेग्राविर या दुसऱ्या औषधाला पहिली पसंती दिली. आपल्याकडेही आता मुख्यतः तेच मिळते. ते एकंदरीत उजवेच, पण काहींची झोप त्यानेही उडते. अशांना डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सकाळी घेता येते. जुन्या सवयीने रात्रीच घेणाऱ्यांना हे सांगणार कोण? अपुऱ्या झोपेने प्रतिकारशक्तीवर ताण येतोच. वैतागून गोळी सोडली, तर विषाणू पुन्हा उचल खातो. समुपदेशकांनी दर भेटीत झोपेची चौकशी करावी.

– एक वाचक, सांगली